नाशवंत मालाची पेटी व तींतील हवा

उन्हाळ्याच्या दिवसांत बर्फाच्या लाद्या विकणारा मनुष्य ती लादी लाकडाच्या भुशांत ठेवून वर गोणपाट घालतो, हें आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिलेंच असेल. थंडींत अंगावर घेतलें असतां जें गोणपाट ऊब देतें, तेंच उन्हाळ्यांत बर्फाला गार कसें ठेवतें, असा प्रश्न एखाद्या चौकस मुलानें विचारल्यास पुष्कळ वडील माणसेंही क्षणभर घोटाळ्यांत पडतील. फळें, दूध, मासळी इत्यादि नाशवंत जिन्नस दूरच्या गांवीं धाडावयाचे तर ते कशांत बांधावे, आणि माल पोंचल्यावर त्या बांधणीचें काय व्हावें, हा आमच्या लेखाचा विषय आहे. व त्याची किल्ली वरील प्रश्नाच्या उत्तरांतच आहे.

गोणपाट स्वतः ऊबही देत नाहीं आणि गारवाही देत नाहीं. तें केवळ उष्णतेची वाट अडवितें. उष्णता नेहमीं अधिक तापलेल्या पदार्थाकडून कमी तापलेल्याकडे जाते. थंडींत ती आपल्या अंगांतून बाहेर जाऊं पाहते, उन्हाळ्यांत बाहेरून बर्फांत शिरूं पाहते. गोणपाट दोन्ही वेळीं तिला उशीर लावतें. हें सामर्थ्य सुतळीचें नसून सुतळीच्या धाग्यांमध्यें अडकून पडलेल्या हवेचें आहे. स्थिर हवेंतून उष्णता फार मंद गतीनें जाते. पाण्यांतून ती हवेच्या वीसपटींहून अधिक वेगानें जाते. लोखंडाची तर गोष्टच सोडा. मात्र हवा स्थिर असली पाहिजे. मोकळ्या खोलींतील हवा वाहते व उष्णता आपल्याबरोबर नेते. म्हणून जो पदार्थ हवेला लहान लहान कप्प्यांत कोंडून ठेवील, तो उष्णतारोधक समजावा. लोकर, कापूस, पेंढा, भुसा हे सर्व ह्याच एका गुणामुळें उपयोगी पडतात.

ह्या गुणाच्या बळावर एकेकाळीं बर्फाचा मोठा व्यापार चालत असे. अमेरिकेंतील बोस्टन येथील फ्रेडरिक ट्यूडर नांवाच्या व्यापाऱ्यानें १८३३ सालीं सुमारें १८० टन बर्फ 'टस्कनी' नामक जहाजावर चढवून कलकत्त्यास धाडला. तो हिंवाळ्यांत गोठलेल्या तळ्यांतून कापून काढलेला होता. चार महिन्यांचा प्रवास, त्यांत दोन वेळां विषुववृत्त ओलांडावयाचें. तरीही सुमारें १०० टन बर्फ शिल्लक राहून कलकत्त्यास उतरला. कोणतेंही यंत्र त्या जहाजावर नव्हतें. लाकडी फळ्यांचें अस्तर, त्यामागें झाडाच्या सालीचा चुरा व भुसा, एवढेंच काय तें साहित्य! पुढल्याच वर्षीं मुंबईलाही असा बर्फ आला. त्या सुमारास सर जमशेटजी जिजीभाई ह्यांनीं आपल्या पाहुण्यांस आइस्क्रीम दिलें व यजमानासकट पाहुणे मंडळीस पडसें झालें, अशी एक गोष्ट सांगतात.

आतां आपल्या काळाकडे वळूं. सध्यां मासळीच्या बाजारांत जी पांढरी, हलकी पेटी दिसते, ती थर्मोकोलची. थर्मोकोल हें मूळचें व्यापारी नांव. पदार्थ खनिज तेलापासून तयार होतो. त्याचे बारीक मणी वाफेनें फुगवून सांच्यांत एकत्र चिकटवितात. फुगल्यावर त्यांत सुमारें ९८ भाग हवा व अवघे दोन भाग पदार्थ असतो. म्हणजे विकत घ्यावयाची ती जवळजवळ हवाच! शिवाय प्रत्येक मणी बंद असल्यामुळें त्यांत पाणी सहसा शिरत नाहीं. ह्या बाबतींत पेंढा व कापूस ह्यांना थर्मोकोलची बरोबरी करतां येत नाहीं, हें प्रांजळपणें मान्य केलें पाहिजे. पेंढा भिजला कीं हवेची जागा पाणी घेतें आणि त्याचा उपयोग बहुतेक संपतो.

विद्यार्थ्यांनीं थोडें गणित करून पाहावें. एका पेटीची सर्व बाजूंची मिळून बाहेरील जागा एक चौरस मीटर आहे, थर्मोकोल अडीच सेंटिमीटर जाड आहे, बाहेर ४० अंश उष्णता व आंत शून्य अंशाचा बर्फ आहे, असें समजूं. अशा पेटींत दर तासाला सुमारें ६०० ग्रॅम बर्फ वितळण्यापुरती उष्णता शिरते. बारा तासांचा प्रवास म्हटला कीं सात किलोंवर बर्फ खर्चीं पडला. जाडी दुप्पट केली तर खर्च निम्मा होतो. पेटी झाडाच्या सावलींत ठेवली तर आणखी कमी. कोरड्या पेंढ्यानें तेंच काम करून घ्यावयाचें तर थर दीडपट ते दुप्पट जाड लागेल. पेटी मोठी होईल एवढाच काय तो तोटा. ह्यावरून हेंही ध्यानांत येईल कीं, कोणतीही पेटी थंडी निर्माण करीत नाहीं. आंत जी थंडी घातली असेल तीच ती जपते.

मासळीला जें साधतें तें संत्र्याला मात्र साधत नाहीं. आमच्या वाशीम जिल्ह्यांत कारंजा, मंगरुळपीर, रिसोड ह्या भागांत संत्र्यांच्या बागा आहेत, आणि ज्यांच्या घरीं बाग आहे अशा पालकांना पुढील भाग विशेष उपयोगाचा वाटेल. मासळी मेलेली असते. फळ झाडावरून तोडल्यावरही जिवंत असतें. तें श्वासोच्छ्वास करतें. आंतील साखर हवेंतील प्राणवायूशीं मिळून जळते व कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि उष्णता बाहेर पडतात. ही झीज उष्णतेबरोबर वाढते. स्थूलमानानें दर दहा अंशांस ती दुप्पट-तिप्पट होते. म्हणजे १५ अंशांवर फळ चार दिवसांत जितकें झिजेल तितकें, किंवा त्याहूनही अधिक, तें ३५ अंशांवर एका दिवसांत झिजतें. आंबिया बहाराचीं संत्रीं पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबरांत निघतात, त्यांचें एक वेळ निभावतें. मृग बहार फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत उतरतो, व त्याच्या अखेरीस आमच्याकडील ऊन्ह किती कडक असतें हें सांगावयास नको.

आतां असें समजा कीं, दुपारीं तोडलेलीं, उन्हानें तापलेलीं संत्रीं कोणी उत्तम उष्णतारोधक पेटींत घट्ट बंद करून धाडलीं. बाहेरची उष्णता आंत येणार नाहीं हें खरें. पण फळांची स्वतःची उष्णता बाहेर कशी जाणार? ती आंतच सांठते, तिनें श्वासोच्छ्वास वाढतो, त्यानें आणखी उष्णता निघते. प्राणवायू संपत आला म्हणजे फळ आंबूं लागतें व त्याला मद्यासारखा वास येतो. महाग पेटींत घातलेला माल साध्या पेटींतल्या मालाहूनही वाईट अवस्थेंत पोंचावयाचा! म्हणून जुने व्यापारी लाकडी फळ्यांच्या पेटींत फटी ठेवून आंत वाळलेलें गवत घालीत, ह्यांत अडाणीपणा नव्हता. गवत धक्के सोशी, फटींतून वारा खेळे.

योग्य रीत अशी कीं, फळें सकाळच्या गारव्यांत तोडावीं, लगेच सावलींत न्यावीं, आणि सोय असेल तेथें शीतगृहांत गार हवेच्या झोतानें निववावीं. नागपुरी संत्र्याला सहा-सात अंशांचा गारवा मानवतो. फार खालीं गेल्यास सालीवर डाग पडूं लागतात. निववल्यानंतरच पेटीचा प्रश्न येतो. तेव्हां छिद्रें असलेलें पन्हाळी पुठ्ठ्याचें खोकें व गार ठेवलेली गाडी ही जोडी उत्तम. पुठ्ठ्याच्या दोन कागदांमधील नागमोडी पन्हाळींतही हवाच कोंडलेली असते, हें एखादें खोकें फाडून पाहिल्यास दिसेल.

राहिला प्रश्न माल पोंचल्यानंतरचा. फुटलेल्या पेटीचे मणी नालींतून ओढ्याला व ओढ्यांतून शेताला लागतात. ते कुजत नाहींत, आणि वजनानें इतके हलके कीं गोळा करून परत कारखान्यास नेण्याचें भाडेंही परवडत नाहीं. महाराष्ट्र सरकारनें २०१८ सालीं थर्मोकोलचीं ताटें, पेले व सजावटीचें सामान ह्यांवर बंदी घातली, ती अशाच कारणांनीं. मालाच्या पेटीला पर्याय शोधणें ताटाहून अवघड आहे, कारण ताट बदललें तर जेवण बिघडत नाहीं. पेटी बदलली आणि चुकली तर शेतकऱ्याचें किंवा कोळ्याचें एका खेपेचें उत्पन्न जातें.

तरी साहित्याची आम्हांस वाण नाहीं. कारंजा हें कापसाचें जुनें पेठस्थान; तेथील कापसाचा नियंत्रित बाजार १८८६ सालचा, म्हणजे देशांतील अशा बाजारांत अगदीं पहिल्यांपैकीं. जिनिंगमध्यें निघणारा आंखूड, सुतास निरुपयोगी असा कापूस दोन कागदांच्या मध्यें भरून त्याची गादी केल्यास ती उष्णता चांगली अडविते. धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची भरड लोकर आज पुष्कळ ठिकाणीं कोणी घेत नाहीं. ती तर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा दमटपणा शोषूनही ओली लागत नाहीं. इंग्लंडमध्यें लोकरीचें अस्तर लावलेल्या पेट्यांतून अन्न धाडतात. अमेरिकेंतील 'इकोव्हेटिव्ह' ह्या २००७ सालच्या कंपनीनें पिकांच्या टाकाऊ भागावर अळंब्यांचे तंतू वाढवून थर्मोकोलसारखे साचे तयार केले. आमच्याकडे सोयाबीनचें कुटार, पऱ्हाट्या व तुराट्या ह्यांचे ढीग दर हंगामांत पडतात, आणि त्यांतील पुष्कळसे जाळले जातात.

आमच्या मतें सर्व मालाला एकच पेटी हा हट्ट प्रथम सोडला पाहिजे. वाशीम जिल्ह्यांतून जाणारा समृद्धि महामार्ग जून २०२५ मध्यें मुंबईपर्यंत पुरता खुला झाल्यापासून कित्येक मालाची मजल एका रात्रीची झाली आहे. एका रात्रीसाठीं लोकरीची किंवा कापसाची गादी पुरते, मात्र तिला ओल लागूं नये म्हणून बर्फाचें पाणी वेगळ्या डब्यांत किंवा पिशवींत राहिलें पाहिजे. दोन-तीन दिवसांच्या ओल्या मालाला अद्याप थर्मोकोलच पुढें आहे. तेथें निदान तीच पेटी धुऊन परत आणावी व पुन्हां वापरावी.

ज्यांना ह्याची प्रचीति घ्यावयाची असेल त्यांनीं सुटीच्या दिवशीं तीन सारखे डबे घ्यावे. एकाला थर्मोकोल, दुसऱ्याला कापूस व तिसऱ्याला कुटार, अशी सारख्या जाडीची बांधणी करावी. झांकणावर व तळाशींही तोच थर असावा. प्रत्येकांत सारख्या वजनाचा बर्फ घालून तीन तासांनीं वितळलेलें पाणी मापावें. नंतर कुटार थोडें भिजवून तोच प्रयोग पुन्हां करावा व दोन्ही वेळचीं मापें वहींत शेजारीं शेजारीं लिहावीं.