चांदा नाणेनिधी

चांदा नाणेनिधी : सातवाहन राजांच्या पोटीन नाण्यांचा, पूर्वीच्या चांदा जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सापडलेला साठा. या चांदा जिल्ह्यात आजचे चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही जिल्हे समाविष्ट होते. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. निधीची पहिली नोंद ए. एफ. आर. होर्नले यांनी बंगालच्या एशियाटिक सोसायटीपुढे केली. पुढे ई. जे. रॅप्सन यांनी आंध्र व पश्चिमी क्षत्रप नाण्यांच्या आपल्या सूचीत (१९०८) या नाण्यांचा ‘चांदा जिल्हा’ असा वेगळा वर्ग केला.

पोटीन हा तांबे, कथिल व शिसे यांचा हलक्या प्रतीचा मिश्रधातू होय. पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात भृगुकच्छ (भडोच) बंदरात येणाऱ्या मालात या तिन्ही धातूंचा उल्लेख आहे. अशा धातूची नाणी दैनंदिन व्यवहारातील खुर्दा म्हणूनच चालत असली पाहिजेत. त्यांच्या पुरोभागावर सोंड उंचावलेला हत्ती व त्याभोवती ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख असून पृष्ठभागावर उज्जयिनी चिन्ह, म्हणजे चारही टोकांस वर्तुळे असलेली फुली, आढळते. लेख ‘सिरि यञ सातकणिस’ (श्री यज्ञ सातकर्णीचे) यासारखा असतो. धातूचा तुकडा ठशाहून लहान असल्यामुळे एका नाण्यावर लेखाची चार-पाच अक्षरेच उमटलेली दिसतात. संपूर्ण लेख मिळविण्यासाठी अनेक नाणी शेजारी ठेवून तुटक अक्षरे जुळवावी लागतात, आणि चुकीस वाव राहतो तो येथेच.

रॅप्सन यांनी या नाण्यांवर पुळुमावी व यज्ञ सातकर्णी यांच्या नावांबरोबर ‘कण्ह’ म्हणजे कृष्ण हेही नाव वाचले. कृष्ण हा सातवाहन वंशाचा दुसरा राजा असून त्याचा उल्लेख नाशिकच्या लेण्यांतील लेखात येतो. पण चांद्याची नाणी त्याच्यानंतर निदान दोन शतकांनी पाडलेली असल्याने हा दुसरा कृष्ण मानावा लागला. पुराणांतील वंशावळीत अशा उत्तरकालीन कृष्णाचा पत्ता नाही. १९३९ साली तऱ्हाळा (तत्कालीन अकोला, आता वाशीम जिल्हा) येथे सुमारे दीड हजार पोटीन नाण्यांचा निधी उघडकीस आला. त्याचे वाचन करताना वा. वि. मिराशी यांना हे नाव ‘कण’ म्हणजे कर्ण असल्याचे आढळले. ब्राह्मीतील ‘ण’खालच्या एका ‘ह’वर आधारलेला दुसरा कृष्ण त्यामुळे इतिहासातून वगळावा लागला आणि कर्ण सातकर्णी हा नवा राजा त्याच्या जागी आला. तऱ्हाळा येथे कुंभ व शक सातकर्णी ही नावेही मिळाली. पुराणांच्या याद्यांत तीही नाहीत. इ. स. तिसऱ्या शतकात विदर्भात सातवाहनांची एखादी वेगळी शाखा राज्य करीत असावी, हा तर्क मुख्यतः या नाण्यांवरच उभा आहे. नाण्यावर पुळुमावी किंवा सातकर्णी एवढेच नाव असेल, तर मातृनामाच्या अभावी त्या नावाचा नेमका कोणता राजा, हा प्रश्न उरतो. निव्वळ नावावरून काल ठरविण्याचा मोह अभ्यासकांना अनेकदा नडला आहे.

याच काळातील चिनी नाण्यांची पद्धत याच्या अगदी उलट होती. हान सम्राट वू याने इ. स. पू. ११८ मध्ये सुरू केलेल्या कांस्याच्या ‘वू-चू’ नाण्यावर राजाचे नाव नसून ‘पाच चू’ हे वजनच (सु. सव्वातीन ग्रॅम) लिहिलेले असे. साच्यात ओतून केलेल्या या नाण्याच्या मध्यभागी दोरीत ओवण्यासाठी चौकोनी छिद्र ठेवीत आणि छिद्राच्या दोहो बाजूंस एकेक अक्षर येई. त्यामुळे लेख बहुधा अखंड मिळतो. इ. स. ६२१ मध्ये तांग राजवटीने नवे नाणे काढीपर्यंत, सात शतकांहून अधिक काळ, निरनिराळ्या राजवटींनी हीच दोन अक्षरे वापरली. साहजिकच चिनी अभ्यासकाला अक्षरांचे वळण, कडांची ठेवण व उत्खननातील थर यांवरून काल ठरवावा लागतो. चांद्याच्या नाण्यांवर राजाचे नाव आहे, पण वजनाचा निर्देश नाही, आणि प्रत्यक्ष वजनांतही बरीच तफावत दिसते. तेव्हा ती मोजून घेत की तोलून, हे केवळ नाण्यांवरून सांगता येत नाही.

सातवाहनांनंतर विदर्भात वाकाटकांची सत्ता आली. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीडजवळच्या देवटेक येथे प्रथम रुद्रसेनाचा लेख असून तो ज्या शिळेवर आहे, तिच्यावर प्राणिहत्येस मनाई करणारा मौर्यकालीन लेख आधीपासूनच कोरलेला होता. वाकाटकांचा इतिहास मात्र प्रामुख्याने ताम्रपट व शिलालेख यांवरून जुळविण्यात आला आहे. त्यांनी नाणी पाडलीच नाहीत, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. पवनार परिसरातील काही लहान तांब्याची नाणी अजय मित्र शास्त्री यांनी त्यांची म्हणून दाखविल्यानंतर तो मागे पडू लागला.