टपाल पाखडणारं गणित

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातलं बुध हे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचं जन्मगाव. १९११ साली जन्मलेले सुखात्मे फर्ग्युसनमधून पदवी घेऊन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले आणि १९३६ साली तिथे संख्याशास्त्राची डॉक्टरेट मिळवली. रोनाल्ड फिशर तेव्हा त्याच कॉलेजात होते. फिशर यांच्या नावाच्या एका कसोटीसाठी लागणारे आकड्यांचे तक्ते सुखात्म्यांनी १९३८ साली तयार केले. याच फिशर यांची आणखी एक पद्धत आहे. कितीतरी किरकोळ पुरावे एकत्र करून त्यांचं मिळून वजन किती, हे ती सांगते. आज एखाद्याच्या संगणकावरचं थंडरबर्ड हे ईमेलचं सॉफ्टवेअर नकोशी ईमेल बाजूला काढतं ते याच पद्धतीच्या आधारे.

ईमेलच्या सुरुवातीच्या काळात अशा टपालाला अडवायचे ते नियमांनी. अमुक शब्द आला की पत्र बाद. पाठवणारे हुशार होते, ते शब्द बदलत. १९९८ साली मेहरान सहामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नियम बाजूला ठेवून संभाव्यतेचा मार्ग धरला. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांच्या लेखाने तो घरोघर नेला. मुळातला सिद्धांत थॉमस बेझ यांचा, त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ साली छापलेला. विसाव्या शतकात बरेच संख्याशास्त्रज्ञ त्याच्यापासून फटकून राहिले, तेव्हा केंब्रिजच्या हॅरल्ड जेफ्रीज यांनी तो लावून धरला. पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग उभा करणारे कोल्हापूरचे वसंत हुजूरबाजार हे त्यांचेच विद्यार्थी.

चाळणीचं काम असं चालतं. तुम्ही काही पत्रं 'नको' म्हणून दाखवता, काही 'हवी' म्हणून. प्रत्येक शब्द कोणत्या ढिगात किती वेळा आला याची नोंद होते. एखादा शब्द एकदाच आला आणि तोही 'नको'मध्ये, तर त्याला शंभर टक्के दोषी ठरवत नाहीत. गॅरी रॉबिन्सन यांच्या सूत्रात आधीच्या अज्ञानालाही, म्हणजे ०.५ या मधल्या आकड्याला, थोडं वजन मिळतं. ते वजन १ धरलं, तर एकदाच दिसलेल्या शब्दाचा दोष ०.७५ येतो, दहा वेळा दिसला, तर ०.९५च्या आसपास. हा संयम मला या यंत्रातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. सांगलीच्या हळदीच्या व्यापाऱ्याला 'ऑफर', 'लॉट', 'कमिशन', 'आजच' हे शब्द रोज खऱ्या पत्रांत दिसतात. परक्या माणसाने लिहिलेला नियम त्याचं निम्मं टपाल कचऱ्यात टाकेल. त्याच्याच पत्रांवर शिकलेली चाळणी मात्र हे शब्द निर्दोष मानते.

अडचण वेगाची. एका पत्रात हजारभर शब्द असतात आणि प्रत्येकाची नोंद शोधावी लागते. नोंदवही डिस्कवर असेल तर बहुतेक वेळ शोधण्यातच जातो, गणितात नाही. म्हणून नोंदी मेमरीत आणायच्या, आणि शब्दावरूनच त्याची जागा निघेल अशी हॅश सारणी करायची. म्हणजे नोंदी दहा हजार असोत की लाख, एक शब्द सापडायला साधारण सारखाच वेळ लागतो. वही फुगू नये म्हणून थंडरबर्डमध्ये मर्यादा ओलांडली की सगळे आकडे निम्मे करतात. एकदाच आलेले शब्द त्यात आपोआप गळतात. जुन्या पत्रांचा प्रभावही त्यामुळे ओसरतो, आणि ते योग्यच, कारण नकोसं टपाल दर हंगामाला वेश बदलतं.

सर्वांत मोठी बचत मात्र न मोजण्यात आहे. ग्रॅहम यांनी पत्रातले फक्त पंधरा शब्द घेतले, ०.५पासून सर्वांत लांब असलेले. स्पॅमबेझ हा प्रकल्प जास्तीत जास्त १५० घेतो. 'आणि', 'आहे', 'तर' यांच्याकडे कोणी बघत नाही. इथे मला सुखात्मे पुन्हा आठवतात. सगळं पीक न कापता काही तुकडे कापून जिल्ह्याचं उत्पन्न काढायचं, हे नमुना-पाहणीचं शास्त्र भारतात रुजवणाऱ्यांत ते अग्रणी होते, आणि तुकडा फार लहान घेतला तर अंदाज फुगतो हेही त्यांनी दाखवून दिलं. साम्य ताणू नये. त्यांचे तुकडे यदृच्छेने निवडलेले असत, चाळणी मुद्दाम टोकाचे शब्द निवडते. त्यामुळे तिने दिलेला ०.९९ हा आकडा खरी शक्यता म्हणून वाचू नये. तो क्रम लावण्यापुरता खरा आहे.

फिशर यांच्या पद्धतीत प्रत्येक संभाव्यतेचा लॉगॅरिदम घेऊन बेरीज करायची असते. १५० शब्दांचे दोन्ही बाजूंनी मिळून ३०० लॉगॅरिदम होतात आणि गुणाकाराच्या मानाने ते महाग पडतात. स्पॅमबेझच्या लेखकांनी सरळ गुणाकार केला. पण लहान अपूर्णांक गुणत गेलं की संगणकाची खालची हद्द, दहाचा उणे ३०८वा घात, जवळ येते आणि उत्तर शून्य होऊन बसतं. म्हणून गुणाकार दहाच्या उणे २००व्या घाताखाली गेला की त्यातला दोनचा घात वेगळा काढून ठेवायचा, उरलेल्यावर पुढे गुणत जायचं आणि शेवटी प्रत्येक बाजूला एकदाच लॉगॅरिदम घ्यायचा. अचूकता तीच, काम कितीतरी कमी. या बेरजेचं वजन ज्याच्याशी ताडून ठरतं त्या काय-वर्ग वितरणालाही तक्ता लागत नाही. स्वातंत्र्यमात्रा नेहमी सम येतात, म्हणून उत्तर छोट्या बेरजेतून निघतं. दोन्ही बाजूंचे पुरावे तुल्यबळ असले, तर स्पॅमबेझ पत्राला 'नक्की नाही' असं तिसरं खातं देतं.

मराठी पत्र आलं की नवा प्रश्न उभा राहतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे 'सातारा' अठरा बाइटचा. ते खपून जातं. खरा भार प्रत्ययांचा. सांगलीला, सांगलीत, सांगलीहून, सांगलीकर हे चाळणीला चार वेगळे शब्द दिसतात, आणि चौघांच्या वाट्याला तुटपुंजे आकडे येतात. सांगलीचं निदान शेपूट कापलं की मूळ हाती लागतं. साताऱ्याला, साताऱ्याहून यांत मूळच बदलतं, आणि बोलताना 'सातारला', 'सातारहून' हेही आहेतच. शिवाय साताऱ्याचा 'ऱ' तीन तऱ्हांनी साठवला जातो: एकाच चिन्हाने, र आणि नुक्ता जोडून, किंवा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह वापरून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने पहिले दोन एक होतात, तिसरा होत नाही. त्याच्यासाठी वेगळी ओळ लिहावीच लागते.

प्रत्येक शब्दाचं मूळ शोधणं हेही खर्चिक काम आहे, आणि सरसकट केलं तर नुकसान होतं. 'जिंकलात', 'जिंका' आणि 'जिंकले' यांत फरक आहे. मालाच्या पत्रात 'जिंकलात' क्वचितच येतं, लॉटरीच्या पत्रात हमखास. माझं मत असं, की नामांच्या विभक्ती कापाव्यात, क्रियापदांना हात लावू नये. आणि मूळ काढण्याचं काम नोंदवहीत न सापडलेल्या शब्दांपुरतंच करावं.

सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या एखाद्या गटाने शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून हे घ्यावं. थंडरबर्डचा कोड खुला आहे. आपापल्या मराठी टपालावर चाळणी शिकवायची, 'ऱ'च्या तिन्ही रूपांना एक करायचं आणि वेळ मोजायचा. निकाल लिहिताना दोन रकाने ठेवावेत: सुटून आलेली नकोशी पत्रं एकीकडे, कचऱ्यात गेलेली खरी पत्रं दुसरीकडे. दुसऱ्या रकान्यात एखाद्याचं नेमणुकीचं पत्र असू शकतं, म्हणून वेग कितीही वाढला तरी तो रकाना आधी वाचावा.