मुंबईची कथलाची नाणी

आमच्याकडे जुनं नाणं म्हटलं की शिवराईच आठवते. पण ईस्ट इंडिया कंपनी सरकारचे नाण्यांचे सुरुवातीचे प्रयोगही भारी आहेत! १६७२ मध्ये, गव्हर्नर जेराल्ड आंजिअरच्या काळात, मुंबईत टांकसाळ सुरू झाली. सोन्याचं कॅरोलिना, चांदीचं अँग्लिना, तांब्याचं कॉपरून आणि चक्क कथलाचं टिनी. कथील मऊ, लवकर झिजणारं. म्हणून चांगल्या स्थितीतली टिनी मिळणं कठीण.

पुढे १७९१ ची मुंबईची तांब्याची नाणी बर्मिंगहॅमला कारखानदार मॅथ्यू बोल्टनच्या वाफेच्या यंत्रांवर पाडली. एकीकडे कंपनीची खूण, दुसरीकडे तराजू. (व्यापाऱ्याला शोभतोच म्हणा!) काही नमुना प्रतींवर सोन्याचा मुलामाही चढवला. त्यामुळे कुणी ‘सोन्याचं कंपनी नाणं’ दाखवलं, तर आधी वजन करा. त्याच आकाराचं सोनं तांब्याच्या दुपटीहून जड भरतं.