परतीची होडी बंद झाल्यावर

रिसोडपासून अरबी समुद्र सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटर. गावात रेल्वे नाही, गाडी धरायची तर आधी वाशीम गाठायचं. तरीही मे महिन्याच्या दुपारी, बाहेर ऊन रणरणत असताना, कूलरसमोर आडवं पडून समुद्रकाठची भयकादंबरी वाचणारे वाचक आपल्याकडे आहेत. बेट, त्यावर जुनं हॉटेल, सुटीवर आलेले पाहुणे आणि बंद खोलीतून येणारा पावलांचा आवाज, एवढं जमलं की दुपार सरते. या कथानकामागे खरीखुरी ठिकाणं आहेत.

इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यालगत बर्ग आयलंड नावाचं चिमुकलं बेट आहे. ओहोटीला तिथं वाळूवरून चालत जाता येतं. भरती आली की ती वाट बुडते आणि उंच चौथऱ्याचा एक खास ट्रॅक्टर पाहुण्यांना पाण्यातून नेतो-आणतो. १९२९ साली या बेटावर श्रीमंती थाटाचं हॉटेल उभं राहिलं. अगाथा ख्रिस्ती तिथं मुक्कामाला जात. त्यांच्या दोन कादंबऱ्यांवर या बेटाची छाप आहे. १९३९ च्या ‘अँड देन देअर वेअर नन’मध्ये बेटावर अडकलेली दहा माणसं एकामागून एक मरतात. १९४१ च्या ‘ईव्हिल अंडर द सन’मध्ये तर बेटावरचं हॉटेल, उन्हात पहुडलेले पाहुणे आणि पुळणीवरचं प्रेत असा सगळा सरंजाम आहे. भूत दोन्हींत नाही, आणि त्याची उणीव भासत नाही. होडी येणार नाही आणि मारेकरी आपल्यातलाच आहे, एवढं कळलं की माणसं एकमेकांच्या सावलीला भिऊ लागतात. १९६५ च्या ‘गुमनाम’ या हिंदी चित्रपटात हाच धागा आहे. तो दिग्दर्शित केला राजा नवाथे यांनी आणि नायिका होती मास्टर विनायकांची लेक नंदा.

हॉटेलात भूत पक्कं बसवलं ते स्टीफन किंग यांनी. १९७४ साली ते अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात ‘द स्टॅनली’ या डोंगरातल्या हॉटेलात पत्नीसह उतरले. हंगाम संपला होता, हॉटेल हिवाळ्यासाठी बंद व्हायच्या बेतात होतं, पाहुणे जवळजवळ नव्हतेच. २१७ क्रमांकाच्या खोलीतल्या त्या मुक्कामातून ‘द शायनिंग’ घडली आणि १९७७ साली छापून आली. तिथं समुद्र नाही, पण वाट अडवण्याचं काम बर्फ करतो.

किंग मराठीत पोचले नारायण धारप (१९२५–२००८) यांच्यामुळे. ‘लुचाई’वर ‘सालेम्स लॉट’चं आणि ‘शपथ’वर ‘इट’चं ऋण उघड आहे. पण धारपांना नुसतं रूपांतरकार म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. परदेशी भीती त्यांनी आपल्या माजघरात, माडीवर, आडाच्या काठी आणून बसवली. ‘तुंबाड’ या २०१८ च्या चित्रपटामागेही त्यांच्या कथेची प्रेरणा आहे, आणि तिथलं भय पावसात भिजणाऱ्या वाड्याच्या पोटात आहे. २०१६ साली सुरू झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ मालिकेनंही वाडाच निवडला. सावंतवाडीजवळच्या आकेरीतला तो वाडा पाहायला पुढे पर्यटक जाऊ लागले. मराठी भूत मुळात घराण्याचं असतं. त्याचा कुणाशी तरी जमिनीचा, वारशाचा, मोडलेल्या शब्दाचा हिशेब राहिलेला असतो. हॉटेलात दोन दिवस उतरलेल्या परक्या माणसाशी त्याचं काय देणंघेणं? वाड्याची ओढ सुटत नाही ती यामुळे, असं मला वाटतं.

पण बेट आपल्याकडे आहे आणि ते फार समर्थ आहे. अलिबागजवळ थळच्या समोर समुद्रात खांदेरी आहे. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रजांच्या नाकावर टिच्चून तिथं किल्ला बांधायला घेतला. १८६७ चं दीपगृह तिथं आहे, ठोकली की धातूसारखी वाजणारी शिळा आहे, आणि कोळी बांधव श्रद्धेनं ज्याच्यापुढे हात जोडतात तो वेताळ आहे. भुतांचा राजा जिथं राखणदार, तिथल्या कथेत भूत कुणाचा शत्रू आणि कुणाचा पाठीराखा, हा प्रश्न पहिल्या पानापासून उभा राहतो. पावसाळ्यात समुद्र खवळला की बेटाशी येणं-जाणं तुटतं, म्हणजे ख्रिस्तींची भरतीही आयती हाती आली. जुलै २०२५ मध्ये खांदेरीसह १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. आता पाहुणे वाढतील आणि त्यांच्यासोबत गोष्टीही.

रिसोडच्या लेखकाला तर तेवढ्या लांब जायचीही गरज नाही. इथून पश्चिमेला, तासा-दीड तासाच्या वाटेवर लोणार आहे. बेसाल्टच्या खडकात उल्का आदळून झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, तळाशी खारं पाणी, काठच्या झाडीत पडझड झालेली जुनी देवळं. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झालं. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तसं झाल्याचं तपासणीत दिसलं. बेटाला पाण्याचा वेढा असतो, इथं पाण्यालाच कड्यांचा वेढा आहे. खाली उतरलेल्या माणसाला वर यायला चढणीशिवाय मार्ग नाही. विवराजवळ पर्यटन महामंडळाचं निवासस्थानही आहे, म्हणजे हॉटेलची सोय झाली. घराण्याचा जुना हिशेब मागणारं भूत वऱ्हाडात शोधावं लागणार नाही. ते या निवासस्थानाच्या एखाद्या खोलीत आणून बसवणारी वऱ्हाडी कादंबरी मला पुढच्या उन्हाळ्यात वाचायची आहे.