सुरतेचे खाते : नऊ वर्षांनंतर

सुरत म्हटले की मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला इतिहासाचे पुस्तक आठवते. १६६४ आणि १६७० साली शिवाजी महाराजांनी केलेली सुरतेची लूट, नाहीतर १९०७ चे काँग्रेस अधिवेशन, ज्यात जहाल आणि मवाळ वेगळे झाले. आमच्या बेळगावच्या वडगाव, शहापूर, खासबाग या विणकरांच्या भागात मात्र सुरतेची ओळख रोजच्या पोटापाण्याची आहे. माग थांबला की कुणीतरी सुरतेची गाडी धरतो. माझे मामा असेच गेले. २०१६ च्या मे महिन्यात, पाचवीची परीक्षा झाल्यावर, मी त्यांच्याकडे प्रथम गेलो. त्यानंतर गेलो तो थेट २०२५ च्या मे महिन्यात. मधल्या नऊ वर्षांत त्या शहरात काय जमा झाले आणि काय नावे पडले, ते वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याच्या नजरेने येथे मांडीत आहे.

प्रथम जमेची बाजू पाहू. १९७१ च्या जनगणनेत सुरत शहराची लोकसंख्या सुमारे ४ लाख ७१ हजार होती. २०११ मध्ये ती ४४ लाख ६७ हजारांवर गेली. चाळीस वर्षांत साडेनऊ पट! हद्दवाढीचा वाटा त्यात आहे, पण बाहेरून आलेल्या माणसांचाही मोठा आहे. ओडिशातला गंजाम जिल्हा, उत्तर प्रदेश, बिहार, सौराष्ट्र आणि आपले खानदेश येथून माणसे आली. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत फिरताना कानावर मराठी आणि अहिराणी सहज पडते. महापालिका गुजरातीखेरीज मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमाच्याही शाळा चालवते. माझी मामेबहीण अशाच मराठी शाळेत शिकली. दोन भाषांत वाढलेल्या आम्हा बेळगावकरांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

पण एवढी माणसे सामावणे या शहराला नेहमीच जमत होते असे नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली आणि काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले. १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांनी विभागवार अधिकाऱ्यांना अधिकार दिले, त्यांना रोज रस्त्यावर उतरवले आणि रात्रीची झाडलोट सुरू केली. पुढे ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर येऊन शहराचा बहुतेक भाग बुडाला. तरीही २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरच्या जोडीने देशात पहिली आली. २०१६ साली मी न पाहिलेले मेट्रोचे खांब या खेपेस जागोजागी उभे दिसले; त्या कामाची पायाभरणी जानेवारी २०२१ मध्ये झाली.

आता मूळ प्रश्न. हे शहर इतक्या झपाट्याने का बदलते? माझ्या मते याचे उत्तर तेथल्या धंद्याच्या रचनेत आहे. सुरतेची साडी एका छपराखाली तयार होत नाही. पॉलिस्टरचे सूत एकाकडचे, कोरे कापड दुसऱ्या शेडचे, रंगाई-छपाई पांडेसऱ्यासारख्या भागातल्या मिलची, विक्री रिंगरोडच्या बाजारातली. टिकल्या लावण्याचे काम तर घरोघरच्या बायका नगावर करतात. माझी मामीही करते. प्रत्येक टप्पा लहान, त्यामुळे भांडवल थोडे लागते आणि फिरते लवकर. मागणी वाढली की चार लूम वाढवायचे, घटली की बंद ठेवायचे. जुने धोट्याचे माग काढून तेथे पाण्याच्या फवाऱ्याने आडवा धागा नेणारे वॉटरजेट लूम बसवायलाही मोठ्या गिरणीसारखा वेळ लागत नाही.

हीच सोय कामगाराच्या बाजूने पाहिली की नावे पडते. लूम बंद ठेवणे मालकाला सोपे जाते, कारण कारागिराचा पगार मीटरवर असतो. काम नाही तर मीटर नाहीत, मीटर नाहीत तर पैसे नाहीत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, बाजार अनेक दिवस बंद राहिला. २०२० च्या टाळेबंदीत गावी जाऊ द्या म्हणून कामगार रस्त्यावर आले. हिऱ्यांतही तेच. दर दहा हिऱ्यांपैकी नऊ सुरतेत घासले जातात असे म्हणतात. १७ डिसेंबर २०२३ रोजी खजोद येथे हिरे बाजाराच्या प्रचंड इमारतीचे उद्घाटन झाले. पण २०२२ नंतर परदेशातली मागणी मंदावली होती आणि उद्घाटनानंतरही बराच काळ तेथली बहुतेक कार्यालये उघडली नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयात शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले. मी गेलो तेव्हाच, म्हणजे त्याच्याही आधी, माझा मामेभाऊ आठवड्यातून चारच दिवस घंटीवर बसत होता. (हिरा घासण्याच्या चाकाला तिकडे घंटी म्हणतात.)

सुरतेत लूमच्या शेडला 'खातू', म्हणजे खाते, असे नाव आहे. मामांची त्या खात्यात एकवीस वर्षे गेली. एका संध्याकाळी मी त्यांना विचारले, "मामा, तुमचा प्रॉव्हिडंट फंड किती जमला असेल?" ते हसले. म्हणाले, "बाळा, माझं नाव मालकाच्या वहीत पेन्सिलीनं असतंय. उचल फिटली की खोडतो." मग मलाच विचारू लागले, "पदवी झाली की येतोस काय इकडं? हिशेबाला माणूस पाहिजेच असतोय."

आमच्या मासिकाच्या कन्नड विभागातले मित्र एक म्हण नेहमी वापरतात : 'कै केसरादरे बायि मोसरु', हाताला चिखल लागला तर तोंडाला दही मिळते. सुरतेत हाताला चिखल लागतो यात शंका नाही, आणि अनेकांना दहीही मिळाले आहे. मामांचे दोन खोल्यांचे घर त्यातूनच झाले. पण चिखल कोणाच्या हाताला लागला याची नोंदच नसेल तर दह्याची वाटी कोणापुढे ठेवायची? आजारपणात, अपघातात किंवा मंदीत मदत मागायची तर आपण कोठे, किती वर्षे काम केले हे दाखवावे लागते. एका साथीनंतर महापालिका रोजचा कचरा मोजायला शिकली. कारखान्यांनी रोजचा माणूस मोजायला शिकणे अजून बाकी आहे.

सुरतेला जाऊच नये असे माझे म्हणणे नाही. मी स्वतः कदाचित जाईन. पण जाणाऱ्याने तीन गोष्टी आधी मागाव्यात : नेमणुकीचे पत्र, महिन्याची पगारपावती आणि प्रॉव्हिडंट फंडाचा क्रमांक. आणि आपल्यापैकी जो हिशेबाच्या खुर्चीवर बसेल, त्याने मालाच्या नोंदीइतक्याच काळजीने माणसांची नोंद करावी, तीही शाईने.