शब्द आधी, दणका मग



संतवाङ्मय, राज्यघटना, इतिहास असे विषय ऐकण्याची सवय असलेल्या आपणां मंडळींना आजच्या विषयाचे नाव वाचून थोडे हसू आले असेल. बैठकीच्या खोलीतील टीव्हीसाठी साउंडबार आणि सबवूफर कसा निवडावा, यावर व्याख्यान ते काय द्यावयाचे? माझे उत्तर असे की, ज्या वस्तूसाठी मध्यम प्राप्तीचा माणूस पगाराचा चांगला मोठा वाटा, आणि तोही पुष्कळदा हप्त्यांनी, मोजून देतो, ती वस्तू कशी चालते हे त्याला कळलेच पाहिजे. मी ध्वनिशास्त्रज्ञ नाही आणि पदवीधरही नाही. कामगार संघटनेच्या कामात करारनामे आणि पगारपत्रके वाचता वाचता एक सवय मात्र जडली. मोठ्या अक्षरांतील आकडा क्षणभर बाजूला ठेवावयाचा आणि बारीक अक्षरांतील मजकूर आधी वाचावयाचा. खोक्यावरची जाहिरात वाचतानाही हीच सवय उपयोगी पडते.

आवाज का हरवला?

आवाज म्हणजे हवेची हालचाल. १९२५ साली अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोन इंजिनियरांनी चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे हलवून शंकू पुढेमागे ढकलणारा स्पीकर जगापुढे मांडला. आजचे बहुतेक स्पीकर त्याच तत्त्वावर चालतात. शंकू सेकंदाला जितक्या वेळा पुढेमागे होतो, तितके त्या आवाजाचे हर्ट्झ. निरोगी तरुण कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो.

आता यातला एक नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. तोच स्पीकर घेऊन तितक्याच जोराचा आवाज एक सप्तक खाली आणावयाचा, म्हणजे हर्ट्झ निम्मे करावयाचे, तर शंकूला चौपट अंतर हलावे लागते. दोन सप्तके खाली उतरलो की सोळापट. म्हणून तबल्याची चाट लहानसा स्पीकरही बरी ऐकवतो, पण डग्ग्याचा घुमारा त्याला पेलत नाही. त्यासाठी मोठा शंकू, मोठी पेटी आणि हवा हलविण्यास जागा लागते. जुना चित्रनळीचा टीव्ही पेटीएवढा होता आणि त्याचा स्पीकर बहुधा आपल्याकडे तोंड करून बसविलेला असे. आजचा टीव्ही भिंतीवरच्या तसबिरीसारखा पातळ आहे. त्याचे स्पीकर लहान आणि त्यांची तोंडे बहुतेक संचांत खाली किंवा मागे. आवाज आधी भिंतीवर आपटतो आणि मग आपल्याकडे येतो. चित्र सुधारले आणि आवाज मागे पडला, तो असा.

कोणता आवाज हरवला, हा खरा प्रश्न

येथे ग्राहकाची पहिली गफलत होते. आवाज कमी पडतो म्हटले की तो दणका शोधावयास निघतो. वस्तुतः घरातली तक्रार बहुधा निराळी असते. 'आवाज येतो, पण काय बोलतात ते कळत नाही.'

बोलण्याचे दोन थर असतात. पुरुषाच्या आवाजाचा मूळ कंप सामान्यतः १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास आणि स्त्रीचा २०० च्या आसपास असतो. स्वरांचे बळ खालच्या आणि मधल्या पट्ट्यांत असते. पण शब्द ओळखू येतो तो व्यंजनांनी. पान, कान आणि तान यांत 'आ' एकच आहे. फरक आहे तो पहिल्या क्षणभराच्या आघातात, आणि त्याची खूण मुख्यतः २,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात, 'स'सारख्या वर्णाची तर त्याहूनही वर सापडते. हा आवाज नाजूक असतो. भिंतीवर आपटून, पडद्यात शिरून, पंख्याच्या घरघरीत मिसळून तो सर्वांत आधी नाहीसा होतो.

आणि नेमका हाच पट्टा गोंगाटात काम केलेल्या माणसाच्या कानातून आधी जातो. यंत्रमागाच्या शेडमध्ये, ठोकळ्या-पत्र्याच्या कारखान्यात, बॉयलरच्या कामात वर्षानुवर्षे काढलेल्या माणसाची श्रवणचाचणी केली, तर आलेखाला ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या दरम्यान, विशेषतः ४,००० च्या जवळ, खळगा पडलेला दिसतो. म्हातारपणीही वरचे आवाज आधी कमी होतात. अशा माणसाला दारावरची थाप ऐकू येते, मोटारीचा भोंगा ऐकू येतो, पण बातम्या देणारी बाई काय म्हणाली ते समजत नाही. तो रिमोट घेऊन आवाज वाढवितो. वाढतात ते स्वर; व्यंजने तेथेच राहतात. नातू कानांवर हात ठेवतो, सून दार लावून घेते, आणि 'आजोबांना ऐकू येत नाही' असा निकाल लागतो. मागवाल्यांच्या वस्तीत सभेनंतर घरोघर चहाला जाताना हे भांडण मी इतक्या ठिकाणी ऐकले आहे की, तो स्वभावाचा दोष नसून कामाची जखम आहे, असे मी आता तेथल्या तेथे सांगतो. नोकरीतील गोंगाटाने आलेला बहिरेपणा हा कायद्याने मानलेला व्यावसायिक आजार आहे. म्हणून अशा घरात साउंडबार आणण्यापूर्वी कान तपासून घ्यावेत आणि चाचणीचा कागद जपून ठेवावा. श्रवणयंत्राची गरज असेल तर साउंडबार ती भागवू शकत नाही. मात्र शब्द स्पष्ट करून आवाज एकूण कमी ठेवणे, एवढे काम चांगला साउंडबार निश्चित करतो.

आकड्यांचा अर्थ

खोक्यावर २.१, ३.१, ५.१, ५.१.२ असे आकडे असतात. पहिला आकडा कानाच्या पातळीवरच्या स्वतंत्र आवाजवाटांचा, म्हणजे चॅनेलांचा. दुसरा सबवूफरचा. तिसरा असल्यास तो वरून आल्याचा भास देणाऱ्या स्पीकरांचा. यांत आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा तो मधला, सेंटर चॅनेल. चित्रपटातील संवाद बहुतांशी त्याच वाटेने येतात. २.१ मध्ये मधला स्वतंत्र स्पीकर नसतो. डावाउजवा मिळूनच संवाद ऐकवितात. ३.१ मध्ये तो असतो आणि बहुधा संवादाचा आवाज निराळा वाढविताही येतो. ज्या घरात बातम्या, मालिका आणि कीर्तने अधिक ऐकली जातात, तेथे ३.१ ही पहिली पसंती असावी.

५.१ वाईट नाही. पण त्याचे दोन स्पीकर ऐकणाऱ्याच्या मागे किंवा बाजूला ठेवावे लागतात. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत दिवाण भिंतीला टेकलेला असतो. मागे जागाच नसेल, तर मागच्या स्पीकरांचे पैसे कशासाठी द्यावयाचे? तीच गोष्ट डॉल्बी अ‍ॅटमॉसची. २०१२ साली चित्रपटगृहांत आलेली ही पद्धत उत्तम आहे, परंतु घरातल्या साउंडबारचे वर तोंड केलेले स्पीकर आवाज छतावर आपटून खाली आणतात. त्यासाठी छत सपाट, कठीण आणि फार उंच नसलेले हवे. स्लॅबच्या घरात ते जमते. उतरत्या कौलांखाली किंवा पत्र्याखाली जमत नाही. काही स्वस्त साउंडबारांत वरचे स्पीकर नसतातच; नुसता तसा भास करण्याचा प्रयत्न असतो. तेव्हा नाव पाहून भुलू नये, स्पीकर मोजावेत.

वॅटच्या आकड्याविषयी दोन शब्द. पी.एम.पी.ओ. म्हणून जो हजारांचा आकडा छापतात, त्याला व्यवहारात किंमत नाही. आर.एम.एस. हा सतत मिळणाऱ्या शक्तीचा आकडा पाहावा. तोही किती महत्त्वाचा? शक्ती दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबेलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबेल, म्हणजे दहापट शक्ती लागते. म्हणून १०० वॅट आणि २०० वॅट यांतला फरक किमतीत जितका दिसतो तितका कानाला कळत नाही. लहान खोलीत साध्या बोलण्याला एकदोन वॅटही पुरतात.

सबवूफर: उपयोग आणि उपद्रव

.१ म्हणून जो आकडा असतो, तो १२० हर्ट्झच्या खालच्या परिणामांसाठी राखलेल्या वाटेचा. १९७४ साली 'अर्थक्वेक' या अमेरिकन चित्रपटासाठी काही चित्रपटगृहांत प्रचंड स्पीकर बसवून भूकंपाचा कंप प्रेक्षकांच्या अंगापर्यंत पोचविला होता. घरातला सबवूफर त्याच कुळातला. संगीताला, विशेषतः पखवाज, ढोल, मृदंग यांना त्याने भरीवपणा येतो, हे मान्य केले पाहिजे.

त्याची जागा शोधण्याची रीत मजेची आहे. ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कोणत्या दिशेने येतो ते कानाला नीटसे कळत नाही. त्यामुळे तो टीव्हीखालीच ठेवला पाहिजे असे नाही. मात्र कोपऱ्यात तो फुगतो. आपण बसतो त्या जागी सबवूफर ठेवून खर्जाचे संगीत लावावे आणि भिंतीकडेने फिरून ऐकावे. जेथे आवाज फुगीर न वाटता स्वच्छ वाटेल, तेथे तो ठेवावा.

उपद्रव कोणता? ४,००० हर्ट्झची लहर सुमारे साडेआठ सेंटिमीटर लांब असते. ४० हर्ट्झची साडेआठ मीटर. पहिली जाड पडद्यातही जिरते. दुसरी भिंत आणि स्लॅब ओलांडून शेजारी जाते. आपल्याला संवाद ऐकू येतो, त्याला नुसता धडधडाट. खाली रबराची जाड गादी ठेवल्याने जमिनीतून जाणारा कंप थोडा कमी होतो, पण हवेतून जाणारा थांबत नाही. तिसऱ्या पाळीहून आलेला मनुष्य पलीकडे झोपलेला असतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला अधिक सांगावयास नको. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबेल अशी मर्यादा घातली, ती उगीच नव्हे. रात्री सबवूफर खाली करावा आणि 'नाइट मोड' असल्यास लावावा. त्याने मोठे आवाज दबतात आणि हळू संवाद वर येतात. चाळीत किंवा पातळ भिंतींच्या इमारतीत राहणाऱ्याने आधी नुसता साउंडबार घ्यावा, हे उत्तम. सबवूफर मागाहून जोडता येतो का, एवढे विचारून ठेवावे. तो बहुधा त्याच कंपनीचा लागतो.

जोडणी आणि पारख

टीव्हीच्या मागे एच.डी.एम.आय.च्या एका तोंडाशी ए.आर.सी. किंवा ई-ए.आर.सी. असे लिहिलेले असते. तेथेच तार लावावी. पहिली सोय २००९ च्या, दुसरी २०१७ च्या मानकात आली. यामुळे बहुधा एकाच रिमोटने काम भागते. वृद्ध माणसाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नाही. जुन्या टीव्हीला ऑप्टिकल तार चालते, पण तिच्यातून अ‍ॅटमॉस येत नाही. ब्लूटूथने आवाज मागे पडतो आणि ओठ एक बोलतात, कान दुसरे ऐकतो.

दुकानात धडाक्याचा चित्रपट लावून देतात. आपण बातम्या लावावयास सांगाव्यात. घरातील ज्याला सर्वांत कमी ऐकू येते त्याला बरोबर न्यावे आणि समोर बसवावे. आवाज हळूहळू कमी करीत जावा, आणि कोठपर्यंत त्याला शब्द कळतात ते पाहावे. मग सबवूफर पूर्ण खाली करावा. तरीही माणसाचा आवाज माणसासारखा वाटला पाहिजे. साउंडबारची उंची टीव्हीच्या पायांमध्ये मावते का, रिमोटच्या डोळ्याआड येते का, दुरुस्तीचे केंद्र आपल्या गावात आहे का, परत घेण्याची मुदत किती, हे कागदावर पाहून घ्यावे. आणि हे सर्व करण्यापूर्वी आपल्या टीव्हीतच 'स्पष्ट संवाद' अशा अर्थाची एखादी सोय आहे का, ती लावून आठ दिवस ऐकावे. कित्येकांचा खर्च तेथेच वाचतो.

श्रोतेहो, वस्तू विकणारा आपल्याला दणका विकतो, कारण दुकानात दोन मिनिटांत दणकाच कळतो. शब्दांची किंमत घरी, रोजच्या संध्याकाळी कळते. ज्याच्या कष्टांवर ते घर उभे राहिले, त्या माणसाला सर्वांबरोबर बसून बातमी समजावी, विनोदाला सर्वांबरोबर हसता यावे, आणि भिंतीपलीकडच्याची झोप मोडू नये, एवढे ज्या साउंडबारने साधेल तो आपला. त्याच्या खोक्यावर कितीही वॅट लिहिलेले असोत.