घालायचं तर तीन वर्षांसाठी

डिसेंबर उजाडला की आमच्या सोसायटीतले तरुण आईबाप माझ्याकडे यायला लागतात. मी माँटेसरी पद्धतीच्या बालवाडीत निवृत्त होईपर्यंत शिकवत होते, हे सगळ्यांना माहीत आहे. प्रश्न बहुधा ठरलेले असतात. "ताई, अडीच वर्षांचा झालाय, घालू का? कुठली चांगली? फी एवढी का असते?" उत्तरं देते, पण त्याआधी मी एक विचारून घेते: पूर्ण तीन वर्षं ठेवणार ना? यावर बरेच जण घुटमळतात. एखादं वर्ष इथे रमू दे, मग चौथ्या वर्षी मोठ्या शाळेत ज्युनिअर केजीला टाकू, असा त्यांचा बेत असतो. हा बेत मुलाच्या तोट्याचा आहे. तो तोट्याचा का, ते वर्गात काय चालतं हे पाहिल्याशिवाय कळत नाही.

म्हणून वर्ग पाहायला जा. पाटीवरच्या नावावर विसंबू नका. 'माँटेसरी' हे नाव कुणाच्या मालकीचं नाही, ते कुणीही लावू शकतं. आपल्याकडे तर कुठल्याही शिशुवर्गाला माँटेसरी म्हणायची जुनी रीतच आहे. तेव्हा वर्ग चालू असताना अर्धा तास कोपऱ्यात बसू द्या, अशी विनंती करा. बसू देत नसतील तर पुढची शाळा बघा. बसलात की भिंतीवरची चित्रं बघण्यात वेळ घालवू नका, मुलांचे हात बघा. साधनं मुलांच्या हाताला येतील अशा बुटक्या फळ्यांवर आहेत का? मूल स्वतः उठून साधन घेतं, चटई अंथरतं, काम झालं की सगळं जागच्या जागी ठेवतं का? अडीच ते सहा वर्षांची मुलं एकाच वर्गात आहेत का? दर अर्ध्या तासाला घंटा होऊन सगळ्यांचं काम एकदम बदलत असेल, तर ती शाळा प्रेमळ असेल, पण या पद्धतीची नव्हे. या पद्धतीत मुलाला सलग वेळ लागतो, आणि तो जवळजवळ तीन तासांचा धरलेला असतो.

एका साधनाकडे नीट बघा. दट्टापेटी म्हणजे लाकडाचा लांबट ठोकळा. त्यात दहा खाचा आणि प्रत्येक खाचेत बसणारा, डोक्याला मूठ असलेला एकेक दट्ट्या. पहिल्या पेटीत उंची सगळ्यांची सारखी, फरक फक्त जाडीचा. साडेतीन वर्षांचा मुलगा सगळे दट्टे बाहेर काढतो, एकेक बसवायला लागतो. शेवटी हातात एक जाडा दट्ट्या उरतो आणि समोर एकच बारीक खाच. तो दाबून बघतो. जात नाही. ताईंकडे बघतो. ताई दुसऱ्या मुलीजवळ बसलेल्या आहेत, त्या उठत नाहीत. मग त्याला एक बारीक दट्ट्या रुंद खाचेत डुगडुगताना दिसतो. तो उपटतो, अदलाबदल करतो, बसतं. आता पेटी जागेवर ठेवेल असं आपल्याला वाटतं, पण तो सगळे दट्टे पुन्हा बाहेर काढतो आणि पहिल्यापासून सुरू करतो. चूक त्याला लाकडानेच दाखवली, त्यामुळे कुणी रागावलं नाही की शाबासकी दिली नाही. शिवाय ती मूठ त्याने तीन बोटांच्या चिमटीत धरली होती. पुढे पेन्सिल धरायची ती ह्याच चिमटीत.

"पण लिहायला कधी शिकवणार? वहीत काहीच नसतं," ही तक्रार पहिल्या वर्षी प्रत्येक आईची. लिहिणं तेव्हाच सुरू झालेलं असतं, फक्त कागदावर नसतं. मूल खरकागदाच्या अक्षरावरून बोट फिरवतं आणि त्याच वेळी तोंडाने आवाज काढतं. ताई आधी सांगतात, "हा ग, हा म." मग विचारतात, "ग कुठला?" आणि पुष्कळ वेळाने, "हा कोणता?" चुकलं तर दुरुस्त करत नाहीत, दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगतात. मराठी मुलाची यात मोठी सोय आहे. आपल्या अक्षराचं नाव आणि आवाज एकच. इंग्रजी अक्षरांचं नाव वेगळं, उच्चार वेगळा, तो घोळ इथे नाही. अडचण येते ती काना-मात्रेची. म्हणून सुट्या अक्षरांनी शब्द जुळवताना आधी कमळ, बदक, गवत असे शब्द येतात आणि नंतर वेलांट्या येतात. शक्य असेल तर ही पहिली अक्षरं घरच्या भाषेतलीच असावीत, असं माझं ठाम मत आहे.

फीचा प्रश्न मला मनापासून सलतो. डॉ. मारिया माँटेसरी यांनी आपलं पहिलं बालघर 6 जानेवारी 1907 रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत उघडलं. आईबाप कामाला गेले की चाळीतच मागे राहणाऱ्या मुलांसाठी ते होतं. 1939 मध्ये त्या मद्रासजवळ अड्यारला शिक्षकांना प्रशिक्षण द्यायला आल्या आणि महायुद्धामुळे 1946 पर्यंत भारतातच राहिल्या. पण त्याच्या कितीतरी आधी भावनगरला गिजुभाई बधेका आणि त्यांच्यासोबत आपल्या ताराबाई मोडक या पद्धतीवर काम करत होत्या. ताराबाईंनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. महागडी साधनं परवडणार नाहीत म्हणून शिंपले, बिया, खडे, पानं यांची साधनं केली. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. आज गावोगावी दिसणाऱ्या अंगणवाडीच्या नावामागे ते अंगण आहे. त्यामुळे चकचकीत साधनांनी कपाटं भरलेली पाहून भुलू नका. ताईंचं प्रशिक्षण कुठे आणि किती काळ झालं ते विचारा. या साधनांचं प्रशिक्षण आठ-पंधरा दिवसांत होत नाही.

आता तीन वर्षांचं. पहिल्या वर्षी मूल मुख्यतः बघतं: पाणी ओततं, बटणं लावतं, चटई गुंडाळतं आणि मोठ्यांकडे टक लावून बसतं. दुसऱ्या वर्षी हात बसतो. तिसऱ्या वर्षी ते सगळं एकदम वर येतं. मूल लिहू लागतं, वाचू लागतं. सोनेरी मणी घेऊन हजारांच्या बेरजा मांडतं. एकक म्हणजे एक मणी, दशकाची काडी, शतकाचा चौरस आणि हजाराचा घन. घन उचलला की हजार किती ते हाताला कळतं. आणि याच वर्षी ते वर्गातलं मोठं मूल होतं. माझ्या वर्गात एक मुलगी पहिलं वर्षभर कुणाशी बोलत नव्हती. तिसऱ्या वर्षी ती एका रडणाऱ्या नव्या मुलाजवळ जाऊन बसली, एक शब्द न बोलता सावकाश चटई गुंडाळून दाखवली, उलगडली आणि त्याच्यापुढे सरकवली. हे कुणी तिला सांगितलं नव्हतं. चार वर्षांच्या मुलाला इथून काढलं तर त्याच्या वाट्याला फक्त बघणं येतं. शिवाय नव्या ठिकाणी त्याला पुन्हा सर्वांत लहान व्हावं लागतं.

आईबापांची भीती खोटी नाही. बऱ्याच मोठ्या शाळांत प्रवेश नर्सरीलाच होतात आणि पहिलीला जागा उरत नाहीत. म्हणून पहिलीचा विचार आत्ताच करा. मनात असलेल्या शाळांच्या कार्यालयात जाऊन पहिलीला बाहेरची मुलं घेता का, ते विचारा. बालवाडीच्या ताईंनाही विचारा, इथून निघालेली मुलं कुठे जातात. सहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला जवळची सरकारी किंवा पालिकेची शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापांची चाचणी घेता येत नाही, हेही लक्षात असू द्या. एखादी चांगली मराठी शाळा घराजवळ असेल तर ती आधी बघून या.

हे जुळत असेल तर जूनमध्ये नाव घाला, आणि घरातही दोन बदल करा: त्याचे कपडे त्याच्या हाताला येतील अशा खालच्या कप्प्यात ठेवा, आणि सकाळी अर्धा तास आधी उठा. बूट घालायला त्याला वेळ लागतो, तो त्याला मिळाला पाहिजे.